सहावी जर्सी

ह्यांनी भारताच्या फुटबॉल संघाची नवी जर्सी खुंटीला अडकवली. यंदा निळा रंग गडद आहे, कॉलर नाही.

आमचा सुजय संघात निवडला गेला आणि पहिल्या सामन्याआधीच पंचगंगेत बुडाला. तेव्हापासून संघाची जर्सी बदलली की हे नवी आणतात, पाठीवर त्याचं नाव छापून घेतात. सतरा वर्षांत ही सहावी.

“मोठ्या मापाची आणलीय,” हे म्हणाले. “आता अंग भरलं असेल त्याचं.”

“अहो, चाळिशीला आला असता तो. या वयात कोण खेळतंय? आता बास करा.”

ह्यांनी जर्सी खुंटीवरून काढून तिची घडी घातली. मला हायसं वाटलं.

“खरंय तुझं. खेळणं संपलं, आता घरी येईल तो,” हे म्हणाले आणि मला तीन पानं वाढायला सांगितली.

मी तिन्ही वाढली.