वैजूच्या शिव्या

"असं न्हाई बोलत माझा वैजू," भामाबाई म्हणाली. "तुमी दुसऱ्याच कुनाचं वाचताय."

कल्याण सरांनी चष्मा काढून पुसला. कोल्हारहून एसटीनं आलेली ही बाई त्यांच्या श्रीरामपुरातल्या बैठकीत खुर्ची सोडून खालीच बसली होती. मांडीवर रुमालात गुंडाळलेला लेकाचा मोबाईल. लेक श्रावणात गेला, आणि मोबाईलचं कुलूप कसं उघडायचं तेही त्याच्याबरोबरच गेलं. मग भाचा म्हणाला, आत्या, वैजू मोबाईलवरच्या त्या 'तालुक्याच्या चावडी'वर लिहायचा, राजकारणाचं. ती चावडी कल्याण सर चालवतात. म्हणून ती आली होती. तिला अक्षर येत नव्हतं. लेकाचं बोलणं कानावर पडावं, एवढंच तिला हवं होतं.

"वैजनाथचंच आहे, मावशी."

"मग परत वाचा."

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला. "'उमेदवारांनी आमच्या वस्तीच्या रस्त्याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.'"

"इनंती?" भामाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू होतं की हुंदका, सरांना कळेना. "त्यानं उभ्या जन्मात कुनाला इनंती केली न्हाई. डाक्टरला बी न्हाई. मधल्या शिव्या कुटं गेल्या, सर?"

शिव्या होत्या. चिखलातून धोतर सावरत जावं तसे सर त्यांच्यामधून वाट काढत होते. चावडीच्या माथ्यावर त्यांनीच लिहिलेला नियम होता: मत कोणतंही मांडा, भाषा मात्र आपल्या आईसमोर बोलाल तीच ठेवा. नियम मोडणाऱ्याचा मजकूर सर लगेच काढत. वैजूचा निम्माशिम्मा त्यांनी काढला होता. काढलेलं फक्त त्यांना एकट्याला दिसायचं.

"तुमच्यापुढं कसं वाचू, मावशी?"

"वाचा की. मी काय सोवळ्यात बसलीय व्हय?"

सरांनी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं. परत बसले. दबक्या आवाजात सुरुवात केली, "'अरे मुडद्या...'"

"मोट्यानं. त्यो हळू बोलत नव्हता."

सरांनी घसा खाकरला.

"'अरे मुडद्या, तुझ्या फ्लेक्सला गाढवं पाठ घासू देत. तुझ्या हाराची फुलं बोकड खाऊ दे. तुझ्या माईकात भुंगा शिरू दे. आन् तुझी गाडी आमच्या वस्तीच्या रस्त्यात रुतू दे. मी येतो ढकलायला. पण आधी मला कुणीतरी उठवा.'"

ओळखीच्या गाण्यावर डुलावी तशी भामाबाईची मान डुलत होती.

"गाढवांची शिवी माजी," ती म्हणाली. "सासूच्या लुगड्याला दिल्ती मी ती. बोकड बी माजंच. भुंगा मातर त्यानं पदरचा घातला." डोळे भरून ती हसली. "खाटंवर पडल्या पडल्या सुचायचं त्याला."

"खाटेवर?"

"उसाच्या ट्रॉलीवरनं पडला तवापासनं कंबरंखाली कायच नव्हतं की. तुमाला म्हाईत न्हाई?"

सरांना माहीत नव्हतं. चावडीवर माणसाचं नाव दिसे आणि मत दिसे. बाकी काही दिसत नसे.

"फुडं वाचा."

सर वाचत गेले. पाटपाण्यावरचं, कारखान्यावरचं, एका पुढाऱ्याच्या नव्या गाडीवरचं. आवाज चढत गेला. आतून बायकोनं दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. मग त्यांचं स्वतःचं नाव आलं. तेही त्यांनी गाळलं नाही.

"'कल्याण सर, तुमच्या नियमांची पुंगळी करा आन् कानात घाला. आमचा आरडावरडा तेवढाच कमी ऐकू यील.'"

"अगं बया!" भामाबाईनं जीभ चावली. "तुमाला बी सोडलं न्हाई का मेल्यानं? राग नका मानू, सर."

"नाही मानत."

"फुडं?"

पुढं एकच ओळ होती, आणि ती सरांची होती, फक्त त्यांनाच दिसणारी नोंद. त्यांनी ती वाचली. "'सदर सभासदाला बंद करण्यात आले आहे.'"

"हे कोन बोललं?"

"मी."

"आन् मग वैजू काय म्हनला?"

"मग... मग काही नाही, मावशी."

"कवाचं हाय ते?"

"निवडणुकीतलं. थंडीतलं."

"तवा तर हुता की त्यो. पार श्रावनापत्तुर हुता." भामाबाई सरकून पुढं आली. "आन् लिवत हुता. रोज लिवत हुता, म्या डोळ्यांनी पायलंय. नीट बगा, आसंल कुटं तरी."

सरांनी लॅपटॉप मिटला नाही, पण त्यांना त्याच्याकडं बघवेना. बंद केलेल्या माणसाला तसं कळवलं की तो फोन करतो, भांडतो, घरी येतो. म्हणून त्यांनी न कळवता बंद करायची सोय निवडली होती.

"बंद केलं तरी त्याला लिहिता येतं," ते म्हणाले. "त्याला वाटतं, गेलं. पण इथं ते कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. आपोआप पुसलं जातं."

"समदं?"

"सगळं."

रुमालाची गाठ सोडून भामाबाईनं मोबाईल हातात घेतला. त्याच्या काळ्या काचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. काच उजळली, कुलूप दाखवून विझली.

"म्या दारातनं बगायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "अंगठा चालू दिसला का तशीच मागं फिरायची. म्हनायची, पोरगं चार मानसांत हाय, आपुन कशाला मदी?"