दोन पांढऱ्या मुठी

परीक्षक ब्रेंट गाडीत डोकं घालून बराच वेळ वाकला होता. बाहेर आला तो थेट कागदावर लिहायलाच लागला.

"गुण कशाचे कापतोयस?" एमिल कोवालने विचारलं.

"काचा खालीवर करायच्या दांड्यांच्या मुठी, काका. पुढच्या दोन्ही दारांना पांढऱ्या आहेत. या मॉडेलला राखाडी यायच्या." ब्रेंटने काखेतलं कारखान्याचं जुनं माहितीपुस्तक थोपटलं. "बाकी गाडी झकास. सहा सिलिंडर, तीन गियर, रंगसुद्धा मूळचा. एकसष्ट सालच्या छोट्या गाड्यांत इतकी जपलेली मी पाहिली नाही."

"पांढऱ्याच लागल्या होत्या. त्या दुपारी कारखान्यात आमच्या जोडणीच्या पट्ट्यावर राखाडी संपल्या. फोरमन बोंबलत होता, पट्टा थांबता कामा नये. मग शेजारच्या पट्ट्यावरच्या मोठ्या गाडीच्या आणल्या आणि बसवल्या. आम्हीच."

ब्रेंट हसला. मनाने वाईट नव्हता तो, पुस्तक पाठ केलेला होता, एवढंच. "असेल काका. पण पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक लिहिणारे वरच्या मजल्यावर बसायचे. खाली उतरल्याचं मी तरी पाहिलं नाही."

एमिलने बोट दाखवलं, पण दाखवायला काही नव्हतं. कारखाना पाडून तिथे सुपरमार्केट झालं होतं, आणि त्याच्याच पार्किंगमध्ये हा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. वर कुठला मजला आणि खाली कुठला पट्टा, हे सांगायचं तरी कोणाला?

डोरीनने बापाची बाही ओढली. "बाबा, वाद नको. पूर्ण गुण नसतील तर म्युझियम गाडी घेणार नाही. रविवारी तुम्ही वृद्धाश्रमात जाताय, तिथे खाट आणि खुर्चीपुरतीच जागा आहे. मग ही जाणार शेजारच्या गॅरीकडे. तो छप्पर कापेल, मोठं इंजिन कोंबेल आणि दर रविवारी रस्त्यावर टायर जाळत फिरेल. चालेल?"

एमिलने गाडीच्या छपरावर हात ठेवला.

"सोपं आहे काका," ब्रेंट म्हणाला. "मागच्या बाजूला सुट्या भागांचे स्टॉल आहेत. राखाडी मुठी घ्या, इथेच बदला. मी एक गुण कापणार नाही."

डोरीन पळतच जाऊन घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पाकिटात दोन कोऱ्या मुठी, मागे तैवानचा शिक्का. स्क्रूड्रायव्हर घेऊन एमिल स्वतः आत बसला. त्र्याऐंशी वर्षांचे हात, पण कुठे दाबायचं ते त्यांना विचारावं लागलं नाही. काढलेल्या मुठी डोरीनने पाकिटात घातल्या आणि पाकीट कचऱ्याच्या पिंपात टाकलं.

ब्रेंटने पुन्हा डोकं आत घातलं. "वा! आता कशी अस्सल झाली. अगदी कारखान्यातून निघाली तश्शी."

मग त्याने कागद पुढे केला. "फक्त हा रकाना भरा. मूळ गाडीत बदल कोणी केला होता, त्याचं नाव. म्युझियमला लागतं."

एमिल कागदाकडे बघत राहिला. बॉनेटखालच्या पत्र्यावर कारखान्याचं नाव होतं, गाडीचा नंबर होता, रंगाचासुद्धा नंबर होता. ज्यांनी ती जोडली त्यांच्या नावाला त्या पत्र्यावर जागा नव्हती. साठ वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं. आज विचारलं, तेही असं.

"लिहा ना बाबा. नुसतं नाव तर आहे."

त्याने पेन घेतलं. सावकाश, सुटी सुटी अक्षरं काढत लिहिलं.

ब्रेंटने कागद उचलला आणि थबकला. "हे दुसरं नाव कोणाचं? रूफस टिली?"

"पट्ट्यावर डावं दार माझं, उजवं त्याचं होतं," एमिल म्हणाला. "राहू दे त्याचंही. गाडी बिघडवायला आम्ही दोघं होतो."