उभा पियानो

मैफल सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती आणि ओल्गा तुस्कानोचा जलद भाग काही केल्या वाजत नव्हता. पृथ्वीवरून खास आणलेल्या भल्यामोठ्या आडव्या पियानोची पट्टी एकदा दाबली की सूर निघायचा, पण लगेच पुन्हा दाबली की नुसतं ठक्क!

"हातोडी तारेवर आपटून आपल्याच वजनानं खाली पडायला हवी," ती वस्तीतल्या शाळेच्या नीलांबरीबाईंना म्हणाली. "इथं चंद्रावर ती रमतगमत पडतेय! चाळीस वर्षं वाजवतेय मी, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पण आमच्या मुलांचा उभा पियानो तर छान वाजतो हो," नीलांबरीबाई चाचरत म्हणाल्या.

ओल्गा ताडकन उठली. "उभा? अहो, त्यात हातोडीला स्प्रिंग मागे ओढते!"

वसईच्या चर्चमध्ये ती तसल्याच पियानोवर शिकली होती. पहिल्याच स्पर्धेत परीक्षकांनी नाक मुरडलं होतं, उभ्या पियानोनं पोरीचा हात बिघडवलाय म्हणून. त्यानंतर एकाही मुलाखतीत तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं.

दोघींनी दोन टोकांना धरून तो अख्खा पियानो उचलला आणि खिदळत मंचावर आणून ठेवला. निवेदक धावत आला.

"मॅडम, परिचय व्हिएन्नातल्या शिक्षणापासूनच सुरू करू ना?"

"छे!" बाह्या सारत ओल्गा म्हणाली. "वसईपासून करा."