पुसलेले फोटो

रात्री गच्चीवर घरची मेजवानी होती. थोरल्या सुनेने नव्याकोऱ्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारमारून फोटो काढले, तर सगळ्यांचे चेहरे पीठ फासल्यासारखे आले. धाकट्या जावेने मात्र आपला जुनाच कॅमेरा कठड्यावर टेकवला, "जरा हलू नका हं" म्हणाली, आणि जिन्यातल्या एका पिवळ्या दिव्यात माणसं उजळून निघाली. जो तो तिचंच कौतुक करू लागला. थोरलीच्या असं पोटात दुखलं, की आवराआवरीच्या गडबडीत तिने जावेचे सगळे फोटो न बघताच पुसून टाकले.

सकाळी जाऊ रडवेली होऊन आली.

"ताई, तुमचा एक फोटो चोरून काढला होता. भाऊजी म्हणाले, 'ही इतकी सुंदर लग्नातही दिसली नव्हती, मोठा करून दे.' तोही गेला हो!"