शर्वरी भांडत नाही

“नऊ दिवस झाले, तुम्ही आम्हाला फसवताय!” ललिताबाई मदत कक्षाच्या खिडकीवर कडाडल्या.

“अहो बाई, परदेशात युद्धात अडकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा फोन आम्ही रोज घरी लावून देतो,” अधिकारी म्हणाला. “तुम्हीही बोलताय ना मुलीशी?”

“आज तिला मुद्दाम सांगितलं, तुझा लाडका निळा कुर्ता फरशी पुसायला घेतलाय. तर म्हणते, ‘हरकत नाही, आई. मी सुखरूप आहे.’ माझी शर्वरी? तिनं घर डोक्यावर घेतलं असतं!”

अधिकाऱ्याने चहाचा कप बाजूला सरकवला. “पालक घाबरू नयेत म्हणून यंत्र मुलांच्या आवाजात बोलतं. वरून आदेश आहे.”

“आमची तोंडं बंद करायला यंत्र बनवता येतं, आणि पोरांना आणायला विमान मिळत नाही?” त्यांनी फोन त्याच्यापुढे आपटला. “माझी पोरगी स्वतः शेवटची कधी बोलली? तेवढं सांगा!”