कमी भरलेली काडतुसं

"माझ्या काडतुसांचा हा नेम?" लतीफने स्वतः मारलेल्या निशाण्याचा कागद बाळाजीच्या पुढ्यात आपटला. "पाच गोळ्या, पाच गावांना!"

बाळाजीने कागद उचलून पाहिला आणि खाली ठेवला. त्याच्या या थंडपणानेच लतीफचं डोकं जास्त फिरायचं.

आखातात, सलमाबादच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या शूटिंग क्लबात रायफलची काडतुसं हाताने भरायचं काम लतीफ वर्षानुवर्षं करत होता. रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, काट्याच्या बारीक रेघा बघत तोलून प्रत्येकीत पावडर घालायची, वर गोळी दाबून बसवायची. राजापूरहून आला तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. आता दाढी पिकली होती. क्लबने जिंकलेल्या, कपाटातल्या प्रत्येक ढालीत आपला वाटा आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

मग ९४ सालच्या हिवाळ्यात बाळाजी मदतीला आला. साताऱ्याकडचा, मिलिटरीतून निवृत्त झालेला. आणि त्याच हिवाळ्यात लतीफच्या गोळ्या भरकटायला लागल्या.

लतीफने पावडर बदलली. सावकाश जळणारी आणली, मग त्याहून जलद जळणारी. गोळ्या बदलल्या. वजनदार लांब गोळ्या घेतल्या, त्या सोडून हलक्या घेतल्या. भरलेलं काडतूस आपणच मारून बघायचं, हा त्याचा जुना नियम. तो मारायचा आणि कागदावर पुन्हा तोच विस्कोट.

"पावडर बदलून काय व्हायचं न्हाई, लतीफभाई," बाळाजी एकदा म्हणाला. "एक बार दुसऱ्या कुनाला मारू द्या की."

"म्हणजे माझा हात गेला म्हणतोस?"

"तसं न्हाई." बाळाजीने विचारलं, "तुमची लेक नाझिश अजून कालेजातच हाय न्हवं?"

"तुला काय करायचंय?"

"सहज."

सहज! लतीफला त्या सहजमध्ये सगळं कळलं. याचा डोळा आपल्या जागेवर आहे. म्हाताऱ्याचं घर किती दिवस चालतं याचा हिशेब मांडतोय.

मस्कतची स्पर्धा तोंडावर आली तेव्हा लतीफने त्याला रंगेहाथ पकडलं. दुपारच्या नमाजानंतर तो परत आला तर बाळाजी काट्यापाशी उभा. लतीफने सकाळी तोलून ठेवलेल्या पुंगळ्यांतली पावडर तो ताटलीत ओतत होता आणि त्यातली थोडी काढून उरलेली परत भरत होता.

"हरामखोर!" लतीफने त्याची मानगूट धरली. "माझ्या काडतुसांतली पावडर काढतोस? म्हणून गोळ्या भरकटतात होय! जास्त पडली तर रायफल तोंडावर फुटते, म्हणून कमी करून माझी अब्रू घालवतोस!"

तसाच ओढत त्याने बाळाजीला मॅनेजरसमोर उभा केला. मॅनेजर रहिमतुल्ला म्हसळ्याचा, शांत डोक्याचा माणूस.

"खरं आहे का हे?" त्याने विचारलं.

बाळाजीने लतीफकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"व्हय सायेब. चूक माझीच हाय."

"कशासाठी केलंस?"

"आता काय सांगू? मला घरी धाडा. मिल्ट्रीची पेन्शन हाय मला. लतीफभाईंचं नाव कुठं येऊ देऊ नका."

"नाव?" लतीफ ओरडला. "माझं नाव कशाला येईल? खलास करा याचा व्हिसा!"

जायच्या दिवशी बाळाजी बॅग घेऊन शहरात हूऱ्याला, लतीफच्या खोलीवर आला. लतीफने दार अर्धंच उघडलं.

"एक वचन द्या," बाळाजी म्हणाला. "तोलताना जोडीला कुनीतरी घ्या. एकटं बसू नगा काट्यापाशी."

"जाता जाता मला शिकवतोस?"

"हात जोडतो, लतीफभाई."

"घेईन, घेईन. नीघ आता." आणि लतीफने दार त्याच्या तोंडावर लावलं.

जोडीला कोण घेणार? पुन्हा एखादा चोर? लतीफने खोलीला आतून कडी घातली आणि मस्कतच्या सगळ्या पेट्या एकट्याने भरल्या. पावडर त्याच्या पसंतीची, गोळी त्याच्या पसंतीची. मध्ये कुणाचा हात नाही. मारून बघायला वेळच उरला नाही, पण कित्येक महिन्यांनी त्याला शांत झोप लागली. गुरुवारी टीम पेट्या घेऊन विमानात बसली.

शुक्रवारी सकाळी रहिमतुल्ला रायफल घेऊन मैदानावर आला. बाळाजीने हात लावलेल्या काडतुसांची एक पेटी अजून पडून होती.

"टाकून द्यायची तर मारून तरी टाकतो," तो म्हणाला.

"मारा. वाळू उडेल नुसती," लतीफ म्हणाला.

रहिमतुल्लाने पाच गोळ्या झाडल्या आणि स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आला. लतीफने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"बघा! एकच लागली. बाकीच्या चार कुठे गेल्या? कसली भरलीत त्या हरामखोराने!"

रहिमतुल्लाने लतीफचं बोट धरून कागदावरच्या त्या एका भोकाच्या काठावरून हळूहळू फिरवलं. काठ गोल नव्हता. पाच गोळ्यांनी एकमेकींना खेटून तो फुलासारखा फाडला होता.

लतीफने कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उन्हात धरला, पुन्हा जवळ आणला. रहिमतुल्लाने तो त्याच्या हातातून काढून घेतला, उलटा होता तो सुलटा केला आणि परत दिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"लतीफ, मस्कतच्या पेट्या तोलताना तुझ्या जोडीला कोण होतं?"