उजवी पाकळी

आठ दिवसांच्या युरोप सहलीत पॅरिसही घालूया, असं विनोदिनी म्हणाली, तेव्हा कृष्णनाथनं तिचा हात पिरगळला. बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. "स्वित्झर्लंड दाखवतंय, ता पुरा नाय तुका?"

पेडण्यातल्या त्या घरात देवाचा कौल घेतल्याशिवाय काहीच ठरत नसे. डावी पाकळी पडेल, देव नाही म्हणेल आणि बायकोचं तोंड एकदाचं बंद होईल, म्हणून तो तिला देवळात घेऊन गेला. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. विनोदिनी शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली.

उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला.

"घातलं पॅरिस," कृष्णनाथ भटजींसमोर हसला. घरी आल्यावर मात्र त्यानं दार लावून घेतलं आणि कमरेचा पट्टा सोडला. "देवाकपण फितवलंस गे?"

पहिला फटका तिच्या पाठीवर बसला. विनोदिनीनं प्रसादाचा नारळ खाली ठेवला आणि ओट्याखालचा कोयता उचलला.

&nbsp;

देवळात डोळे मिटून तिनं देवाला पॅरिसचं विचारलंच नव्हतं.